मेढेकोटातली मुले

1607 साली व्हर्जिनियात उतरलेल्या पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांची यादी कॅप्टन जॉन स्मिथने पुढे छापून ठेवली. यादीच्या वरच्या टोकाला कारभारी मंडळाचे सभासद आहेत. त्यांच्यामागून घरंदाज 'जंटलमन' लोकांची लांबलचक रांग येते, मग सुतार, मजूर, गवंडी, एक लोहार, एक न्हावी, एक शिंपी, एक ढोल वाजवणारा. अखेरीस 'मुले' असा छोटा मथळा येतो आणि त्याखाली चार नावे: सॅम्युएल कोलियर, नॅथॅनिएल पीकॉक, जेम्स ब्रमफिल्ड आणि रिचर्ड मटन.

जेम्सटाउन ही उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेली पहिली इंग्रज वसाहत. तिच्याविषयी मुलांना सांगायचे असेल तर सुरुवात या चार नावांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. राजा पहिला जेम्स, त्याने 1606 मध्ये व्हर्जिनिया कंपनीला दिलेली सनद, भागधारक, गव्हर्नर, हे सारे नंतर येऊ द्यावे. दहा वर्षांच्या मुलाला सनदेत गोडी वाटत नाही. पण आपल्याएवढी चार मुले आईवडिलांवाचून साडेचार महिने समुद्रावर होती आणि जिथे पोहोचली तिथे त्यांची भाषा बोलणारे एकही बाईमाणूस नव्हते, हे ऐकले की तो स्वतःच विचारू लागतो: ती जेवत काय होती? झोपत कुठे होती? त्यांना कोणी मारायचे का? ती परत गेली का? या चार प्रश्नांच्या उत्तरांत वसाहतीचा बहुतेक सगळा इतिहास येतो.

थोडी पार्श्वभूमी शिक्षकाजवळ असायला हवी. डिसेंबर 1606 मध्ये लंडनहून तीन जहाजे निघाली: सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी. खलाशी धरून 144 माणसे होती. सर्वात लहान डिस्कव्हरी अवघी 20 टनांची, तिच्यात 21 जण कोंबलेले. एप्रिलच्या अखेरीस तिन्ही जहाजे चेसापीकच्या उपसागरात शिरली आणि 14 मे 1607 रोजी जेम्स नदीतल्या एका द्वीपकल्पावर माणसे उतरली. जागा निवडण्याची कारणे व्यवहारी होती. पाणी काठापर्यंत खोल असल्याने जहाज थेट झाडाला बांधता येई, समुद्रापासून आत असल्याने स्पॅनिश जहाजांपासून आडोसा होता आणि तिथे कोणाची वस्ती नव्हती. वस्ती का नव्हती, हा प्रश्न इंग्रजांना त्या दिवशी पडला नाही. मुलांना मात्र तो जरूर पडू द्यावा. उत्तर पुढे आपोआप हाती लागते.

जूनच्या मध्यापर्यंत त्यांनी लाकडी मेढी रोवून त्रिकोणी मेढेकोट उभा केला. तिन्ही कोपऱ्यांवर तोफांसाठी अर्धगोल बुरूज होते. आतली घरे लाकडी सांगाड्यावर माती लिंपलेल्या कुडाच्या भिंतींची होती आणि वर गवताने शाकारलेली. कोकणातल्या जुन्या घरांचे कुड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे बांधकाम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हा मेढेकोट शाळेच्या मैदानावर आखावा. वसाहतीचा चिटणीस विल्यम स्ट्रॅची 1610 मध्ये तिथे आला. त्याने मापे लिहून ठेवली आहेत: नदीकडची बाजू 420 फूट, उरलेल्या दोन बाजू प्रत्येकी 300 फूट. मैदान लहान असेल तर चौथाई मापाने 105, 75 आणि 75 फुटांचा त्रिकोण दोरीने आखता येतो. त्यात सगळ्या वर्गाला उभे करावे आणि सांगावे, की खऱ्या कोटात याच्या सोळापट जागा होती. तिच्यात शंभरावर माणसे, एक चर्च, कोठार आणि तोफा. मुले लगेच भांडू लागतात: सोळापट म्हणजे खूपच झाली की! भांडू द्यावे. मग हिशेब करायला लावावा. सातवी-आठवीतल्या मुलांना पायथागोरसचा सिद्धांत येतो; तळाची बाजू निम्मी करून उंची काढली की क्षेत्रफळ सुमारे 45,000 चौरस फूट निघते. म्हणजे एक एकराहून किंचित जास्त, आपल्या हिशेबाने 41 गुंठे.

इथे खरी मजा आहे. त्याच स्ट्रॅचीने त्याच मजकुरात कोटाची जागा सुमारे अर्धा एकर असल्याचे लिहिले आहे. त्याने दिलेल्या बाजू आणि त्याने दिलेले क्षेत्रफळ एकमेकांशी जुळत नाहीत. आता खरे काय मानायचे? 1994 पासून विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन सुरू केले. कोट नदीने केव्हाच गिळला, असे त्याआधी बहुतेकांनी गृहीत धरले होते. केल्सोच्या पथकाला मातीत कुजलेल्या मेढींचे काळे डाग रांगेने सापडले. त्यांवरून कोट जागच्या जागी मोजता आला आणि क्षेत्रफळ एकराहून जरा जास्तच भरले. मुलांनी वहीत काढलेले उत्तर जमिनीने खरे ठरवले. छापील मजकुरातही चूक असू शकते आणि ती आपल्याला पकडता येते, हा अनुभव मुलाला एकदा आला की पुढे तो कुठलेही इतिहासाचे पुस्तक जागेपणी वाचतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातला हा सर्वात मोलाचा तास आहे, आणि त्याला दोरी आणि फूटपट्टीपलीकडे काही लागत नाही.

आता पाण्याकडे वळू. जेम्स नदी तिथे समुद्राच्या भरती-ओहोटीच्या टप्प्यात येते. उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी आटले की खारे पाणी आत चढते. खाडीकाठच्या गावांत फेब्रुवारी-मार्चनंतर विहिरी मचूळ होतात, तसाच हा प्रकार. वसाहतीत सुरुवातीला विहीरच नव्हती. जॉर्ज पर्सी नावाच्या वसाहतवाल्याने लिहिले आहे, की भरतीला नदीचे पाणी खारट लागे आणि ओहोटीला गाळ व घाणीने भरलेले असे. तेच ते पीत. त्या मुलखात आधीपासून राहणाऱ्या पॉवहॅटन लोकांनी ती जागा वस्तीसाठी का घेतली नव्हती, याचे उत्तर मुलांना इथे मिळते. ते उन्हाळ्यात झऱ्याच्या पाण्याजवळ राहत.

पर्सीने मरणाऱ्यांच्या तारखाही टिपून ठेवल्या. 6 ऑगस्टला जॉन ॲस्बी रक्ताच्या हगवणीने गेला. त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी एखादे नाव, कधी कारण सूज, कधी बाणाची जखम. 22 ऑगस्टला कॅप्टन बार्थोलोम्यू गॉस्नोल्ड गेला. मोहिमेच्या प्रमुख आखणीदारांपैकी तो एक होता. मे ते सप्टेंबर या काळात सुमारे पन्नास माणसे पुरावी लागली, असे स्मिथ सांगतो. जानेवारी 1608 मध्ये, पहिली जहाजे घेऊन आलेला कॅप्टन न्यूपोर्ट रसद घेऊन परतला तेव्हा, वस्तीला राहिलेल्या 104 पैकी 38 जिवंत होते. त्या उन्हाळ्यात पाच माणसांना मिळून दिवसाला एका लहानशा मापाने जव मिळत, पाण्यात उकडलेले. वर्गात वाटीभर जवाची पेज शिजवून पाच मुलांत वाटावी आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत दुसरे काही देऊ नये. भाषणाने जे साधत नाही ते या पेजेने साधते. अर्थात पालकांना आधी कळवून, आणि एखाद्या मुलाला जमणार नसेल तर त्याला सक्ती न करता.

शेजारी मका पिकवणारे लोक असताना एवढी उपासमार का झाली? जुन्या पुस्तकांत याचे उत्तर एका ओळीत मिळे: जंटलमन लोक आळशी होते. कष्टाची सवय नसलेल्यांचा भरणा यादीत मोठा होता, हे खरेच. शेतकऱ्यांपेक्षा सोने शोधणाऱ्यांवर कंपनीचा भरवसा अधिक होता. पण 1998 मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या भागातल्या दलदलीत वाढणाऱ्या शेकडो वर्षे जुन्या सायप्रस वृक्षांची वाढीची वलये संशोधकांनी मोजली होती. पाऊस चांगला झाला की वलय जाड, अवर्षण पडले की बारीक. 1606 ते 1612 ही सात वर्षे त्या भागातली 770 वर्षांतली सर्वात कोरडी सात वर्षे होती, असे त्यांतून दिसले. म्हणजे इंग्रज नेमके दुष्काळात उतरले होते. शेजाऱ्यांचाच मका कमी पिकत होता आणि त्यातलाच वाटा हे पाहुणे मागत होते, आधी तांब्याच्या पत्र्याच्या आणि काचमण्यांच्या बदल्यात, पुढे बंदुकीच्या धाकाने. आपल्याकडे सागवानात अशी वलये चांगली दिसतात. जवळच्या वखारीतून किंवा सुताराकडून सागाच्या ओंडक्याची एक चकती आणावी आणि मुलांना टाचणीने वलये मोजायला लावावीत. दुष्काळ भोगलेल्या मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या मुलाला जेम्सटाउनचा दुष्काळ परका वाटणार नाही.

आता पुन्हा त्या मुलांकडे येऊ. सॅम्युएल कोलियर हा स्मिथचा हुजऱ्या होता. 1608 च्या अखेरीस स्मिथने त्याला वॉरस्कोयॅक लोकांच्या गावात ठेवले, भाषा शिकण्यासाठी. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रसदीच्या जहाजातून 13 वर्षांचा थॉमस सॅव्हेज आला होता. न्यूपोर्टने त्याला आपला मुलगा म्हणून पुढे केले आणि वाहुनसेनाकाच्या स्वाधीन केले. वाहुनसेनाका हा तीसएक टोळ्यांचा अधिपती. इंग्रज त्याला आणि त्याच्या लोकांनाही पॉवहॅटन म्हणत. बदल्यात त्याने नामोंटॅक नावाचा आपला एक तरुण इंग्रजांकडे दिला आणि तो न्यूपोर्टबरोबर लंडनला गेला. 1609 मध्ये आलेल्या हेन्री स्पेलमनच्या वाट्यालाही हेच आले. चौदाएक वर्षांच्या या मुलाला स्मिथने पॉवहॅटनांच्या एका गावात सोडून दिले.

हे मुलगे एकाच वेळी पाहुणे होते, ओलीस होते आणि दुभाषे होते. भाषा लहान मुलांना लवकर येते, हे दोन्ही बाजूंना माहीत होते. ज्या गावात आज जेवायचे त्याच गावावर उद्या आपले लोक चाल करून येतील, हे ओझे त्या मुलांच्या खांद्यावर होते. सॅव्हेज पुढे आयुष्यभर दुभाष्या राहिला. चेसापीकच्या पूर्व किनाऱ्यावर तिथल्या प्रमुखाने त्याला जमीन दिली. तो भूभाग आजही सॅव्हेजेस नेक या नावाने ओळखला जातो. स्पेलमन 1623 मध्ये एका चकमकीत मारला गेला. कोलियरही मोठा होऊन वसाहतीतच राहिला आणि रात्रीच्या पहाऱ्यावर आपल्याच माणसाची गोळी चुकून लागून गेला. रिचर्ड मटनचे काय झाले? 1607 च्या थडग्यांत केल्सोच्या पथकाला चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलाचा सांगाडा मिळाला आहे. त्याच्या पायाच्या हाडाजवळ दगडी बाणाचे टोक होते. उतरल्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच कोटावर हल्ला झाला होता आणि त्यात एक मुलगा मारला गेल्याचे कागदोपत्री आहे. हा त्या चौघांपैकीच एक असावा, बहुधा मटन.

स्पेलमनने मागे एक छोटी हकिकत लिहून ठेवली. ती 1872 पर्यंत छापली गेली नव्हती. मुलांसाठी तिच्यासारखा दुसरा कागद नाही, कारण मोठ्या माणसाने जे पाहिले नसते ते तिच्यात आहे. पॉवहॅटन मुलगे आणि बायका चेंडू लाथाडत खेळत, गोल करण्याच्या खुणा इंग्लंडातल्यासारख्याच असत, पण कोणी कोणाला पाडत किंवा ओढत नसे, असे तो सांगतो. त्याला आपल्या गावातला खेळ आठवला आणि तिथली धक्काबुक्की इथे दिसली नाही, हे नोंदवावेसे वाटले. त्या काळच्या इतर इंग्रज नोंदींतून पॉवहॅटन मुलांचा दिवस पुष्कळ कळतो. आई सकाळी शेवाळाचा गोळा हवेत उडवी आणि मुलाने बाणाने तो टिपल्याशिवाय न्याहारी मिळत नसे. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावत. शेती बायका करत, फांद्या वाकवून त्यांवर चटया किंवा सालपट चढवून घरेही त्याच बांधत. इंग्रज पुरुषांनी हे पाहून पॉवहॅटन पुरुष आळशी आहेत असा निष्कर्ष काढला. इंग्लंडात शिकार हा श्रीमंतांचा विरंगुळा होता, त्यामुळे ते काम आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही. एकाच गावाचे वर्णन स्पेलमनच्या आणि एखाद्या कॅप्टनच्या नजरेने शेजारी शेजारी ठेवले तर मुलांना हा फरक न सांगता दिसतो.

मग पोकाहोंटसची गोष्ट. बहुतेक मुलांनी तिच्यावरचा 1995 चा चित्रपट पाहिलेला असतो आणि त्यांच्या मनात ती वीस-बावीस वर्षांची देखणी तरुणी असते. 1607 मध्ये ती साधारण अकरा वर्षांची होती. वाहुनसेनाकाची ती मुलगी. तिची खरी नावे अमोनुटे आणि मटोआका. आपले डोके दगडावर ठेवलेले असताना तिने मध्ये पडून आपल्याला वाचवले, ही प्रसिद्ध हकिकत स्मिथने 1624 मध्ये सविस्तर छापली. 1608 मध्ये छापलेल्या त्याच्या पहिल्या वृत्तांतात त्या प्रसंगाचा पत्ताच नाही. दोन्ही तारखा फळ्यावर लिहून मुलांना तर्क करू द्यावा. कोणी म्हणेल त्याने खोटे सांगितले, कोणी म्हणेल तो एखादा विधी असेल आणि त्याला तो कळला नसेल. इतिहासकारांतही याच दोन बाजू आहेत. 1613 मध्ये इंग्रजांनी तिला पळवून कैदेत ठेवले, 1614 मध्ये जॉन रॉल्फ या वसाहतवाल्याशी तिचे लग्न झाले आणि 1617 मध्ये इंग्लंडहून परतताना ग्रेव्हसेंड इथे ती वारली.

तिच्याबरोबर तिच्या वडिलांचा एक सल्लागारही इंग्लंडला गेला होता. इंग्रज त्याला टोमोकोमो म्हणत. या देशात माणसे किती आहेत ते काठीवर खाचा पाडून मोजून आण, असे त्याला सांगितले होते. प्लिमथ बंदरात उतरल्यावर तो खाचा पाडू लागला आणि लवकरच त्याने तो नाद सोडला. वसाहतीची गोष्ट आपण नेहमी अमेरिकेत उतरणाऱ्या जहाजांकडून ऐकतो. टोमोकोमो तीच गोष्ट उलट्या दिशेने सांगतो आणि मुलांना तो फार आवडतो. खाच पाडण्याची ही गोष्ट नाटुकल्यात बसवायला सोपी आहे.

वाईट घडलेले मुलांना किती सांगावे, यावर पालक आणि शिक्षक नेहमी अडतात. 1609-10 च्या हिवाळ्यात कोटाला पॉवहॅटनांचा वेढा पडला होता आणि आतल्या सुमारे 300 माणसांपैकी मे 1610 मध्ये साठच्या आसपास उरली. त्यांनी घोडे, कुत्री, उंदीर, साप, बुटांचे कातडेही खाल्ले. 2012 मध्ये एका तळघरातल्या कचऱ्यात चौदा वर्षांच्या इंग्रज मुलीची कवटी मिळाली. संशोधकांनी तिला जेन हे नाव दिले. तिच्या हाडांवर सुरीचे घाव होते. मेल्यानंतर तिचे मांस खाल्ले गेले होते, असा अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. आणि ऑगस्ट 1610 मध्ये पर्सीच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी पॉवहॅटनांपैकी पास्पाहेग लोकांचे गाव जाळले, तिथल्या राणीला व तिच्या मुलांना पकडले, मुलांना नदीत फेकून गोळ्या घातल्या आणि पुढे राणीलाही ठार केले. हे पर्सीने स्वतः लिहिले आहे.

माझा अनुभवातून बनलेला आणि मनापासूनचा आग्रह असा: आठ-नऊ वर्षांच्या मुलांना भुकेचे सारे सांगावे, जेनचे सांगू नये. बारा-तेराव्या वर्षी जेनचेही सांगावे. पण एक पथ्य पाळावे. जेन सांगणार असाल तर पास्पाहेगच्या राणीची मुलेही त्याच तासाला सांगा. इंग्रज मुलीच्या वाट्याला आलेले दुःख तेवढे सविस्तर आणि दुसऱ्या बाजूच्या मुलांचे दुःख एका ओळीत गुंडाळलेले, असे झाले तर मुले त्यातून नकळत एक बाजू आपली मानायला शिकतात. ज्या वर्गाला पास्पाहेग सांगणे झेपणार नाही त्याला जेनही सांगू नये.

अमेरिकेत हा विषय शिकवण्याची एक मोठी परंपरा आहे. व्हर्जिनियात चौथीच्या आसपास तो अभ्यासक्रमात येतो, त्यामुळे तिथे वाढणाऱ्या मराठी मुलांनाही जेम्सटाउनची सहल घडते. 1957 मध्ये साडेतीनशे वर्षांच्या निमित्ताने तिथे जहाजांच्या प्रतिकृती, कोट आणि पॉवहॅटन गाव उभारले गेले. मुले मका दळतात, कातडी खरवडतात, चिलखत घालून पाहतात. उत्तरेला मॅसॅच्युसेट्समध्ये 1620 च्या प्लिमथ वसाहतीचे असेच संग्रहालय 1947 पासून आहे. जेम्स डीट्झ या पुरातत्त्वज्ञाने साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या घरांतली हात न लावण्याची जुनी मौल्यवान भांडी हलवली आणि रोज वापरता, फोडता येतील अशा प्रतिकृती आणल्या. पुढे तिथले कर्मचारी 1627 सालच्या खऱ्याखुऱ्या माणसांची नावे घेऊन त्यांच्याच बोलीत पाहुण्यांशी बोलू लागले. याच संग्रहालयात छायाचित्रे काढून केट वॉटर्स यांनी लहान मुलांसाठी पुस्तके केली: 1989 मध्ये नऊ वर्षांच्या सारा मॉर्टनचा एक दिवस, 1993 मध्ये सॅम्युएल ईटनचा आणि 1996 मध्ये टापेनम या, तिथल्या मूळ वाम्पनोआग लोकांतल्या मुलाचा.

तिथे एक गोष्ट अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे. इंग्रज वस्तीतले लोक सतराव्या शतकातली माणसे असल्यासारखे वागतात. वाम्पनोआग भागात काम करणारे मूळ निवासी मात्र आजची माणसे म्हणूनच, आजच्या भाषेत बोलतात. आम्ही होतो आणि आहोत, हे त्यांच्या नुसत्या बोलण्यातून मुलांना कळते. 2020 मध्ये संग्रहालयाने आपल्या नावात पॅटक्सेट हे त्या जागेचे मूळ नावही जोडले. याउलट कागदी पिसे डोक्याला लावून 'इंडियन' बनण्याचा जो प्रकार अमेरिकेतल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या चालला, तो आपल्या वेशभूषा स्पर्धांत कृपा करून आणू नये. व्हर्जिनियात पामंकी आणि मॅटापोनाय लोक आजही आपल्या राखीव जमिनीवर राहतात आणि 1677 च्या तहाला जागून दरवर्षी गव्हर्नरला हरीण भेट देतात. जिवंत माणसांची सोंगे काढण्यापेक्षा हे मुलांना सांगणे अधिक चांगले.

वसाहत पुढे तंबाखूवर उभी राहिली आणि तंबाखूला हात हवे होते. 1619 मध्ये लंडन शहराने रस्त्यावरची सुमारे 100 गरीब मुले शिकाऊ कामगार म्हणून व्हर्जिनियाला पाठवली. पुढच्या वर्षी न येणाऱ्यांना सक्तीने पाठवायची परवानगीही सरकारने दिली. त्याच 1619 च्या ऑगस्टअखेर व्हाइट लायन या जहाजाने वीसहून थोडे अधिक आफ्रिकी लोक पॉइंट कम्फर्टला आणून अन्नधान्याच्या बदल्यात दिले. 1625 च्या शिरगणतीत अँजेला नावाची एक आफ्रिकी बाई ट्रेझरर जहाजातून आल्याची नोंद आहे. या शिरगणतीत प्रत्येक घरातली माणसे, त्यांतल्या अनेकांची वये, ते कोणत्या जहाजाने आले, घरात मका किती, बंदुका किती, गुरे किती हे सगळे आहे. तिची चार पाने मराठीत उतरवून मुलांच्या हाती दिली तर त्यांना वसाहतीतली आठ-दहा घरे स्वतः उभी करता येतात. कोणाच्या घरात नोकर अधिक, कोणाला मुले आहेत, कोणाच्या नावापुढे वय आणि जहाज दोन्ही आहे आणि कोणाच्या नावापुढे काहीच नाही. त्यातल्या रिकाम्या जागांवर वर्गात भरपूर बोलता येते.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी या विषयाला आणखी एक दार आहे. त्यांच्या पाठ्यपुस्तकात इंग्रज सुरतेच्या वखारीतून येतात. ती वखार आणि हा मेढेकोट यांच्यामागे काही माणसे तीच होती. 1600 मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ हाच 1619 पर्यंत व्हर्जिनिया कंपनीचाही प्रमुख होता. जेम्सटाउनला पहिली जहाजे नेणारा क्रिस्टोफर न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला. 1615 मध्ये इंग्रज राजाचा वकील सर थॉमस रो ज्या ताफ्यातून सुरतेजवळ सुवालीला आला त्यातल्या एका जहाजाचा तो कप्तान होता; दोन वर्षांनी जावातल्या बँटमला तो वारला. व्हर्जिनियात कडक लष्करी कायदा राबवणारा सर थॉमस डेल 1619 मध्ये मछलीपट्टणमला मेला.

मग इंग्रजांनी सुरतेला मेढेकोट बांधून आपली कुटुंबे का वसवली नाहीत? सातवी-आठवीच्या वर्गाला हा प्रश्न घालावा. इथे मोगल बादशाहाचे फर्मान लागत होते, बाजारात कापड तयार मिळत होते, ते विकत घेऊन जहाज भरले की काम झाले. तिथे विकत घेण्याजोगा माल कंपनीला सापडेना. शेवटी जमीनच घेऊन तिच्यावर तंबाखू पिकवावी लागली, आणि ती जमीन कोणाची तरी होती. माणूस आणणाऱ्याला माणशी 50 एकर, असा व्हर्जिनियातला नियम होता. जॉर्ज मेनेफी नावाच्या जमीनदाराच्या 1635 च्या जमीनपट्ट्यात, त्याने आणलेल्या माणसांत 'टोनी, ईस्ट इंडियन' असे एक नाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचा मार्ग आणि व्हर्जिनियाचा मार्ग नकाशावर दोन रंगांनी काढायला लावावेत. दोन्ही लंडनला मिळतात. टोनी कुठल्या वाटेने गेला असेल, ते मुले मग स्वतःच शोधू लागतात.